बारदान वजा

पण मला आधी एक सांगा, सिस्टर — माणसानं विश्वास ठेवायचा तर कुणावर ठेवायचा? पुढे असतो त्याच्यावर, की मागे राहतो त्याच्यावर? नाही, लगेच उत्तर देऊ नका, आधी तो स्टूल ओढून घ्या — तो नको हो, त्याचा एक पाय लटपटतोय. दुकानात खिळ्यांची पोती आणि स्टुलाला एक खिळा नाही, दिव्याखाली अंधार, दुसरं काय! हा घ्या. आणि हा घ्या हात. सोडा पट्टी. तुम्ही दवाखान्यातली पाळी संपवून, रंगाच्या डब्यांमधून वाट काढत माझ्या कोपरासाठी आत आलात, म्हणजे हात तुमच्या ताब्यात द्यावाच लागणार. पण बोलू द्यायचं. पट्टी हाताला बांधायची आहे, तोंडाला नाही. आणि एवढं बारकाईनं बघण्यासारखं काही नाही त्यात, पंक्चर काढताना रस्त्याच्या कडेला घसरलो, खडीवर कोपर घासलं, संपलं. सांगितलं होतं ना मी तुम्हाला रविवारीच. पंक्चर.

तर विश्वास. दुकानातून लांब पाइप नेतात ना दोन माणसं, खांद्यावर टाकून — बघितलंय कधी नीट? पुढचा रस्ता बघतो आणि मागचा पुढच्याला बघतो. पुढचा ठेचकाळला की मागचा पाइप तोलून धरतो, त्याला सावरू देतो. आणि मागचा ठेचकाळला तर? तर पाइप आपटतो, आणि पुढचा मान वळवून म्हणतो, काय रे, झोपलास का! वाईट मनानं नाही म्हणत. त्याच्या पाठीला डोळे नाहीत, एवढंच. आपल्या सायकल मंडळाचंही तसंच आहे. पुढे दातांचे डॉक्टर, त्यांना रस्ता दिसतो. मागे मी, मला डॉक्टर दिसतात — म्हणजे त्यांची पाठ दिसते. खरं सांगू? इतकी वर्षं झाली, मला ही सगळी माणसं पाठीवरून जास्त ओळखू येतात. डॉक्टर उद्या समोरून आले तर एखादे वेळी नजर चुकेल, पाठमोरे चुकायचे नाहीत. तो लायब्ररीतला उंच पोरगेला माणूस घरून भांडून आलाय हे त्याच्या खांद्यांवरून कळतं, दोन्ही कानांना लागलेले असतात. तुमची पाठ? रागावू नका — तुमची पाठ सुरुवातीला माफी मागत चालायची. आले हो, जमत नाही हो, तुम्हाला माझ्यामुळे उशीर होतोय हो. आता नाही मागत. आता नुसती धापा टाकते.

मी काही हौसेनं नाही लागलो शेवटी. माझी सायकल म्हणजे मालाची सायकल, मागे कॅरिअरला दोराची गुंडाळी बांधलेली, हिच्यावर बसून शर्यत कोण मारणार? मंडळ निघालं तेव्हा आम्ही मूठभर माणसं होतो, जो तो आपला जोर दाखवायला आलेला. पुढे कोण एवढंच विचारायचे, मागे कोण हे विचारायची पद्धतच नव्हती. आमच्यात पोस्टातले एक कारकून होते, बिचारे फार गरीब स्वभावाचे, पायडलसुद्धा असे मारायचे जसं काही त्याला दुखेल. एका रविवारी आम्ही सगळे परत आलो, आंघोळी झाल्या, जेवणं झाली, आणि दुपारी त्यांची बायको माझ्या दुकानाच्या पायरीवर — हे अजून आले नाहीत म्हणून. मी तसाच सायकल घेऊन निघालो. वीटभट्टीच्या पुढे मैलाच्या दगडावर बसले होते, सायकल शेजारी उभी, ब्रेकची तार तुटलेली. म्हटलं, अहो, कुणाला हाक तरी मारायची! तर काय म्हणाले माहितीये? "मला वाटलं, कुणीतरी येईल." बस्स, एवढंच. तक्रार नाही, राग नाही. मला वाटलं, कुणीतरी येईल. ते वाक्य माझ्या असं डोक्यात बसलं — वाकडा शिरलेला खिळा कसा, ठोकताही येत नाही, उपटताही येत नाही — की पुढच्या रविवारी मी आपणहून सगळ्यांच्या मागे गेलो आणि मागेच राहिलो. पोरांनी नाव ठेवलं शेपूटकाका. ठेवू दे. म्हटलं, शेपूट नसलेल्या जनावराच्या अंगावर माश्या फार बसतात.

आई गं — नाही नाही, चालू द्या, औषध झोंबलं थोडं. एवढं खोल आहे का? खडीच ती, टोकदार असते. बरं, सांगतो, खडी नव्हती, तुम्ही काही सोडणार नाही. कुत्रं आडवं आलं. पंक्चर म्हटलं म्हणजे प्रश्न मिटतो म्हणून पंक्चर म्हणालो, कुत्रं म्हटलं की लोक विचारतात कसलं होतं, चावलं का, इंजेक्शन घेतलं का. कुत्रं आलं, मी हँडल वळवलं, पडलो. आता तरी झालं?

मी काय सांगत होतो — हां, शेपूट होणं म्हणजे नुसतं हळू चालवणं नव्हे. त्याची कला आहे. दमलेल्या माणसाला कधी म्हणायचं नाही, 'आलंच आता, थोडंच राहिलंय.' त्याला कळतं की तुम्ही खोटं बोलताय, आणि चढ दुप्पट होतो. 'थांबा, दम खा' असंही म्हणायचं नाही, त्यात माणसाचा मान जातो. मग काय करायचं? आपली चेन पाडायची. हो, मुद्दाम. उतरायचं, म्हणायचं, च्यायला, पडली बघा पुन्हा, थांबा हो माझ्यासाठी दोन मिनिटं. तो बिचारा आनंदानं थांबतो, वर तुमच्यावर उपकार करतोय अशा तोऱ्यात थांबतो, सायकल धरतो, सल्ला देतो. तेवढ्यात त्याचा श्वास जागेवर येतो. आपले हात काळे, त्याचं तोंड उजळ. ते वकीलसाहेब तुम्ही बघितले नसतील, तुमच्या आधीचे, पोट हँडलला लागायचं — दर रविवारी चढाच्या मध्यावर राजीनामा द्यायचे. 'मी मंडळ सोडतो, आजपासून माझं नाव काढा.' मी चेन पाडायचो आणि म्हणायचो, साहेब, तोंडी राजीनामा आम्ही घेत नाही, वर पोचल्यावर लेखी द्या. वर पोचले की थंड वारा लागायचा, राजीनामा राहून जायचा. त्यांना शेवटपर्यंत वाटत होतं की माझी चेन जुनी आहे. घरी येऊन नवीन चेन भेट दिली मला! घेतली, काय करता. तीही पाडली.

तुमच्यासाठी? दोनदा. तीनदा असेल. पुलाच्या चढावर, आणि त्या दिवशी धुकं होतं तेव्हा. कळलं नाही ना? कळू नये हीच तर कला. हसा, हसा. हसलात की तुमची पट्टी सैल होते, माझं बरं असतं.

घरी गेलो की ही दारात. म्हणजे आता नाही — तेव्हा. दारात म्हणजे खिडकीत, पदराला हात पुसत, आणि ठरलेला प्रश्न, 'झाली का गुरं वळून? आली सगळी?' मी म्हणायचो, आली सगळी. लगेच पुढचा प्रश्न, 'आणि गुराखी?' मी म्हणायचो, हा काय, समोर उभा आहे. 'मग पाय धुवा आणि आत या.' प्रत्येक रविवारी हेच. पाहुणे असोत, पाऊस असो, आमचं आदल्या रात्री कडाक्याचं वाजलेलं असो, अबोला असो — अबोल्यातसुद्धा तेवढं विचारायची. 'आणि गुराखी?' मला वाटायचं, हिला एकच विनोद येतो, किती वर्षं तोच करणार. एकदा तर चिडून म्हटलंसुद्धा, अगं दिसतोय ना डोळ्यांना, मग विचारतेस काय? तर म्हणाली, 'तुम्ही तोंडानं सांगायचं.' असो. मुलगा-सूनबाई दूर असतात, फोन करतात अधूनमधून, बाबा ठीक ना, मी म्हणतो ठीक. फोनवर 'ठीक' फार स्वस्त मिळतं.

तुम्ही मघापासून तेच विचारताय, दुसऱ्या शब्दांत. रविवारी मोजणी कशी चुकली. सिस्टर, मोजणी चुकली नाही. तेच तर तुम्हाला समजावून सांगतोय. हे बघा — ते कोपऱ्यातलं पोतं दिसतंय, खिळ्यांचं? ते काट्यावर ठेवलं की जे वजन येतं त्यात पोत्याचंही वजन असतं. पण गिऱ्हाइकाला खिळे विकायचे, पोतं नाही. म्हणून रिकाम्या पोत्याचं वजन त्यातून कमी करायचं. त्याला म्हणतात बारदान वजा. या दुकानात बसून मी दुसरं काही शिकलो नसेन, शाळेचं म्हणाल तर मी खिडकीतून बाहेर बघायला जायचो, पण बारदान वजा केल्याशिवाय कधी माल दिला नाही आणि घेतला नाही. तर मंडळात मोजायची पद्धत घातली ती मी. निघताना मागून पाठी मोजायच्या, मोठ्यानं आकडा पुकारायचा, पुढून डॉक्टर तोच आकडा परत पुकारणार. चहाच्या टपरीवर पोचलं की पुन्हा मोजायचं, आकडा जुळला की मग ज्यानं त्यानं घरी जायचं. मी मोजताना स्वतःला कधी धरलंच नाही. धरणार कसं? मी माल थोडाच आहे? मी पोतं. बारदान. रविवारी निघताना आकडा पुकारला तेवीस. टपरीवर मी नव्हतो, म्हणून डॉक्टरांनी मोजलं — स्वतःला धरून, तुम्हाला धरून, तेवीस. जुळलं. तुम्ही होतात ना तिथेच, तुम्हीच सांगितलंत मला, 'तेवीस, जुळलं!' म्हणून ओरडले आणि चहाचे पेले खाली ठेवून निघाले सगळे. अगदी बरोबर वागले. माझ्याच पद्धतीनं वागले. डॉक्टरांच्या कानावर घालू नका, तो माणूस हळवा आहे, आठवडाभर चुकीचे दात उपटत बसेल.

लहानपणी ती गोष्ट ऐकलीत ना, दहा मूर्ख नदी ओलांडतात, पलीकडे जाऊन जो तो मोजतो आणि स्वतःला विसरतो, आणि नऊच भरतात म्हणून गळा काढून रडतात? मी पडल्या पडल्या त्यांच्याच विचारात होतो. म्हटलं, ते मूर्ख तरी बरे. त्यांचा आकडा चुकला म्हणून रडले तरी. आमचा आकडा बरोबर आला.

चेष्टा करतोय हो. हात असा घट्ट धरू नका.

आणि कुणी विचारलं नसेल असंही नाही, तुम्ही विचारलंत, 'काका कुठे राहिले?' आणि कुणीतरी म्हणालं असेल, शेपटाची चेन पडली असेल, येईल. हो ना? मला माहितीये. मीच शिकवलंय ना त्यांना ते. इतक्या वेळा पाडली की चेन खरी पडली काय आणि माणूस पडला काय, कळणार कसं. पण मला एक कळत नाही, सिस्टर, तुम्ही का वळलात मग? सगळे घराकडे निघाले, तुमची तर धाप लागलेली, पाय उचलत नव्हते — तुम्ही एकट्या उलट्या दिशेनं, पुन्हा तो चढ? मी तर तुम्हाला स्वतः सांगितलं होतं, चेन पडली, तुम्ही व्हा पुढे —

काय?

जागेवर होती?

तुम्ही बघितलंत. मी 'चेन पडली' म्हणालो आणि तुम्ही चेनकडे बघितलंत. इतक्या वर्षांत एकानंही बघितलं नाही, डॉक्टर नाही, वकीलसाहेबांनी तर नवीन आणून दिली पण जुनीकडे बघितलं नाही. सगळ्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. आणि तुम्ही म्हणे टपरीपर्यंत तोच विचार करत गेलात की चेन तर दातांवर नीट बसलेली होती, मग हा माणूस उतरला कशाला. वा. वा, सिस्टर. म्हणजे मघाशी मी जो प्रश्न विचारला त्याचं उत्तर खिशात ठेवूनच तुम्ही आलात की. पुढच्यावर नाही, मागच्यावर नाही. चेनवर.

नव्हतं कुत्रं. नव्हतं हो कुणी. रस्ता रिकामा होता. तुमच्या मागे येत होतो आणि तुमची पाठ दोन झाली. दोन पाठी, शेजारी शेजारी, आणि मग कडेनं काळं पडायला लागलं, जसं शटर ओढतात वरून. म्हटलं, या बाईच्या देखत पडायचं नाही, नवीन आहे, घाबरेल, पुन्हा यायची नाही. म्हणून चेन. तुम्ही वळणापलीकडे गेलात आणि मी — त्यानंतरचं माहीत नाही. डोळे उघडले तेव्हा रस्त्याकडेच्या चारीत होतो, सायकल अंगावर, वरच्या एका जाहिरातीच्या फलकाची सावली पायांवर. उठता येईना. कुणाला फोन करू? डॉक्टरांना? काय सांगू, शेपूट तुटलं म्हणून? वाजला एकदा खिशात. कसाबसा काढला. रंगाच्या कंपनीची पोरगी, रविवारीसुद्धा, 'सर, नवीन छटा आल्यात, पाठवू का?' मी चारीत पडल्या पडल्या म्हटलं, बाळ, सोमवारी बोलू. सावली पायांवरून पोटावर आली. वरून एक ट्रॅक्टर गेला, दोन मोटारसायकली गेल्या. हाक मारली नाही. का नाही मारली, मला विचारू नका. मी नुसता ऐकत पडलो होतो, सायकलचा आवाज येतो का. आणि हसू नका — मला वाटलं, कुणीतरी येईल. अगदी हेच शब्द. त्या कारकुनाचेच. तेव्हा मला आठवलं की घरी गेलो तरी कुणी विचारणार नाही, 'आणि गुराखी?' ती गेल्यापासून मला मोजणारं माणूसच राहिलं नाही आणि माझ्या ते लक्षातही आलं नव्हतं, बघा. तिचा विनोद नव्हता तो. ती बारदान धरून मोजत होती.

पाणी नको. बरा आहे मी. डोळ्यांतलं ते धुळीचं आहे, दुकानात धूळ फार.

नाही, पहिल्यांदा नाही. मागे एकदा इथेच, शिडीवर असताना. त्याच्या आधी एकदा. अहो, पट्टी बांधा ना, चौकशी काय करता! — बरं. बरं. येतो. सोमवारी दवाखान्यात येतो, तुमच्या मोठ्या डॉक्टरांना दाखवतो, दुकान उघडायच्या आधी येतो, शब्द दिला. पण उद्याचं काही बोलू नका. उद्या मी आहे. मी नाही तर मागे कोण राहील? मधे? मी मधे चालू? मधे काय करू मी, सिस्टर, मला कुणाच्या पुढे राहायची सवय नाही, माझ्या पाठीमागे कुणी आहे म्हटलं की मानेवर मुंग्या येतात. माझी पाठ कुणी बघितलेलीच नाही आजवर. तुम्ही बघितलीत, चिखलानं भरलेली. तेवढी पुरे.

थकलोय मी, खरं सांगायचं तर. असं कुणाला म्हणालो नाही. पायांनी नाही हो थकलो — मोजून थकलोय. रात्री अंथरुणावर पडलो तरी पाठी डोळ्यांपुढून जातात, एक राहिली की काय म्हणून दचकून जागा होतो. मला वाटायचं, मी सोडलं तर कुणीतरी मैलाच्या दगडावर बसून राहील. आणि बसलो तो मीच.

त्या मागच्या खुंटीवरचं लाल फडकं काढा बरं. हो, तेच, मळकं. मोटारवाल्यांना लांबून दिसावं म्हणून मागे बांधतो मी. धुतलंय, डाग जात नाहीत ते चेनचे. घ्या. घ्या म्हणतो ना! तुम्ही हळू चालवता हीच तर तुमची लायकी आहे, जोरात चालवणारा शेपूट असेल तर त्याला शेपूट म्हणत नाहीत, पळालेली गाय म्हणतात. दमलेल्याला बघितलं की काय करायचं ते सांगितलंय. चेन पाडताना मागच्या दातांवरून पाडा, पुढची पाडलीत तर बोटं चिमटतील. आणि कुणी तुम्हाला म्हणालं, माझी चेन पडली, तर आधी चेनकडे बघा — हे तुम्हाला शिकवायला नको.

उद्या मी येत नाही. झालं समाधान? मी इथे असेन, दुकान बंद, पण पायरीवर बसेन. टपरीवरून परत येताना याच रस्त्यानं या, आणि उतरू नका, थांबू नका, जाता जाता ओरडून आकडा सांगा. मी विचारीन, 'आणि गुराखी?' तुम्ही तोंडानं सांगायचं. मला दिसत असलात तरी तोंडानं सांगायचं.

या हो, या, काय हवंय? कुलूप? दाखवतो, जरा थांबा, या बाई निघाल्याच आहेत — जा आता, सिस्टर, गिऱ्हाईक उभं आहे आणि तुम्हालाही पहाटे उठायचंय. स्टूल राहू द्या. आणि ऐका — निघताना मोजाल ना, तेव्हा बोट आधी स्वतःच्या छातीवर ठेवा, 'एक' तिथून म्हणा, मोठ्यानं, डॉक्टरांना ऐकू जाईल असं. हिशोब खरा ठेवा, बाई. बारदानासकट.